पंप कधीचाच आला होता

"हात जरा खिशात घालून बसा सिस्टर. मग लावा," शिंपीकाका म्हणाले आणि त्यांनी पाय मागे ओढून घेतला.

नर्सने हात मागे घेतले. बोटं पांढरीफटक पडली होती. कात्री धरताना ती आपली आहेत असंच तिला वाटत नव्हतं. जखम अजून लांबच होती, नुसता पोटरीला हात लागला तर काकांनी दात आवळले होते. पेशंटला आपला हात नकोसा व्हावा, असं तिच्या सबंध नोकरीत कधी झालं नव्हतं. काकांचा तिला राग आला नाही. राग आला तो खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचा, आणि गाडीहूनही जास्त, गाडी ज्यांच्या ताब्यात होती त्यांचा.

काकांच्या बायकोच्या मागे तो गॅस, तो ओटा काकाच सांभाळत होते. त्यांनी भांड्यात पाणी कोमट करून तिच्यासमोर ठेवलं. तिने हात बुडवले. जीव परत येताना बोटं अशी ठणकली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गाडीत हीटर नाही का?" काकांनी विचारलं.

"आहे. मेलाय."

घरोघर जाऊन आजाऱ्यांचं ड्रेसिंग, इंजेक्शन, आंघोळ बघणाऱ्या संस्थेत ती नोकरीला होती. संस्थेने जुन्या गाड्या काढून विजेच्या गाड्या घेतल्या, तेव्हा सगळ्यांत आनंद तिलाच झाला होता. आवाज नाही, धूर नाही. पण विजेच्या गाडीत इंजिन नसतं, म्हणून इंजिनाची फुकटची ऊबही नसते. बाहेरच्या हवेत असेल नसेल तेवढी ऊब गोळा करून आत आणणारा एक पंप तिच्यात बसवलेला असतो. फ्रिज उलटा चालवावा तसा. तिच्या गाडीतला हा हीट पंप हिवाळ्याच्या तोंडावर काही दिवस घरघरला आणि एका सकाळी गप्प झाला. मदतीला म्हणून एक साधी तापणारी कॉइल होती, पण ती बॅटरी घटाघटा प्यायची. ती लावली तर टेकडीवरचं शेवटचं घर गाठून परत येणं व्हायचं नाही. हे शेवटचं घर म्हणजे शिंपीकाकांचं. म्हणून ती दिवसभर कॉइल बंद ठेवून, अंगात दोन स्वेटर आणि वर कोट चढवून गाडी चालवत होती. तिच्याच श्वासाने काच आतून धुरकट व्हायची आणि ती एका हाताने पुसत, एका हाताने वळणं घ्यायची.

काकांना शुगर होती आणि तळपायाला एक व्रण, जो भरत यायचा आणि पुन्हा चिघळायचा. त्यांचं मशीन जुनं, पायाने चालवायचं. पाय टेकवू नका असं ती प्रत्येक वेळी बजावायची आणि ते प्रत्येक वेळी हो म्हणायचे. मग ती निघाली की जिना उतरेपर्यंत मशीनचा आवाज सुरू झालेला असायचा. त्यावरून ती एकदा अर्ध्या जिन्यातून परत वर येऊन भांडली होती. काका म्हणाले होते, कोट अर्धा शिवून ठेवला तर माणूस थंडीत काय अर्धाच गारठेल का.

गाड्यांचं सगळं बघत होती तिची नणंद. कोणती गाडी कुठे जाणार, कधी चार्ज होणार, कधी दुरुस्तीला जाणार, सगळं तिच्या हातात. नर्स लग्न होऊन घरात आली तेव्हा ही नणंद शाळेत जात होती. तिच्या वेण्या वहिनीने घातल्या होत्या, आणि पुढे संस्थेत जागा निघाल्याचं वहिनीनेच तिला सांगितलं होतं. आता ती नवऱ्यापासून वेगळी होऊन वरच्या मजल्यावर राहत होती. घरी ती "वहिनी, तू जेवलीस का" म्हणायची आणि ऑफिसात "सिस्टर, तुम्ही बसा." ऑफिसात नाती नकोत, हा तिचाच नियम. नर्सला तो सुरुवातीला आवडलाही होता.

पंप बंद पडल्याचं नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नणंद म्हणाली, पार्ट मागवलाय. मग पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, बघते. त्यानंतर विचारलं तेव्हा तिने कॉम्प्युटरवरची नजरसुद्धा काढली नाही. गाडी चालतेय ना, ब्रेक लागतायत ना, मग ती बंद गाड्यांत धरता येत नाही, असं ती म्हणाली. थंडी सगळ्यांनाच आहे.

"मला थंडी वाजते म्हणून नाही सांगत," नर्स म्हणाली. "माझे हात पेशंटला लागतात."

"ग्लोव्ह्ज घाला ना."

तीस-तीस वेळा दिवसाला ग्लोव्ह्ज घालणाऱ्या बाईला कोणीतरी ग्लोव्ह्ज घाला म्हणून सांगत होतं. ती बाहेर आली आणि तिने गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की वॉचमन खुर्चीतून उठला.

दोन दिवसांनी उपाय निघाला. पंप बसवला गेला नाही, शिंपीकाकांचं घर फेरीतून काढलं गेलं. गाडी तिथवर पोचून परत येताना अडचण येते, असं सिस्टरच म्हणाल्या होत्या. तेव्हा ते घर वगळलं की अडचण संपली. काकांनी बसने खाली दवाखान्यात येऊन ड्रेसिंग करून घ्यावं. बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते आणि काकांच्या तळपायाला भोक आहे, हे नर्सने सांगितलं. नणंद म्हणाली, "इतर लोक येतातच की."

त्या रात्री नणंदही खाली जेवायला होती. तिने भाजी पुढे केली, ती नर्सने तशीच नवऱ्याच्या ताटाकडे सरकवली. नवरा स्वभावाने गरीब, बायको आणि बहीण यांच्यामध्ये बसून त्याची वर्षं गेली होती. नंतर खोलीत तो म्हणाला, ऑफिसचं ऑफिसात ठेवावं, घरात कशाला आणायचं. तिने पांघरूण ओढलं आणि म्हणाली, ऑफिस घरात जेवायला येतं त्याला मी काय करू.

मग ती सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊ लागली. बसने, पायथ्यापासून चढत, पिशवीत ड्रेसिंगचं सामान घेऊन. पहिल्यांदा काका ओशाळले. तुमचा एकच दिवस घरी असायचा, तोही माझ्या पायाने खाल्ला, म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. व्रण बरा दिसत होता. चढ उतरताना तिला वाटलं, निभेल. एवढा हिवाळा निभेल.

त्यानंतर तीच आजारी पडली. छातीत कफ भरला, ताप चढला. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. गारठलेल्या गाडीत दिवसच्या दिवस बसल्यावर दुसरं काय होणार होतं. नणंद वरून रोज काढा करून आणायची, कपाळाला हात लावून बघायची. नर्स डोळे मिटून पडून राहायची. त्या काळजीचाही तिला राग यायचा, आणि आपल्याला राग येतो याची लाजही वाटायची.

अंथरुणातून तिने काकांना फोन केला. ठीक आहे, ते म्हणाले. बांधतोय मी फडक्याने, तुम्ही पडून राहा. मागे मशीन चालू नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने त्याचा उलटा अर्थ लावला. ऐकलं एकदाचं, असं तिला वाटलं.

कामावर रुजू झाली त्या दिवशी तिने फेरीतली घरं संपवली आणि कोणाला न विचारता गाडी टेकडीकडे वळवली. जिन्यातच तिला वास आला. ज्याने तो वास एकदा घेतलाय त्याला दार उघडायची गरज नसते. ती तरीही धावली. काका मशीनजवळ जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, आणि त्यांचं अंग तापलं होतं. फडकं सोडलं तर दोन बोटं काळी पडली होती आणि काळेपणा वर सरकत होता.

"दुखत नव्हतं हो," काका म्हणाले, जणू तिचीच समजूत घालत होते. "दुखलं असतं तर सांगितलं असतं."

ॲम्ब्युलन्सला फोन केला तर बराच वेळ लागेल म्हणाले. तिने खालच्या दुकानातल्या माणसाला हाक मारली आणि दोघांनी काकांना गाडीत आणून बसवलं. कॉइल लावायला तिचा हात गेला आणि थांबला. लावली असती तर हॉस्पिटल यायच्या आधी बॅटरी संपली असती. तापाने थडथडणाऱ्या माणसाला तिने बर्फासारख्या गाडीतून नेलं. काकांनी गिऱ्हाइकाचा एक कोट सोबत घेतला होता, एक बाही लागलेली, दुसरी नुसती टाचलेली. तो त्यांनी अंगावर ओढून घेतला. रस्ताभरात एकदाच म्हणाले, या कोटाचा मालक यायचाय शनिवारी, त्याला कोणीतरी सांगा.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेलीच नाही. सरळ वर्कशॉपमध्ये गेली. तिथला मेकॅनिक आडव्या अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस; संस्थेच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या. तिने गाडीचा नंबर सांगितला आणि विचारलं, हीट पंप कधी येणार आहे.

"येणार?" तो म्हणाला. "आलाय की."

त्याने हातातल्या पेल्यानेच दाखवलं. भिंतीला लागून एक खोकं होतं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं, आणि त्यावर वर्तमानपत्र घालून मेकॅनिकने चहाची किटली ठेवली होती. खोक्यावर जुन्या चहाचे गोल डाग उठले होते. तिने ते डाग बघितले. किती दिवसांचा चहा होता तो, हे तिला मोजावंसं वाटलं नाही.

मेकॅनिक सांगू लागला की त्याने कळवलं होतं. गाडी पाठवा म्हणाला होता. तिकडून सांगितलं, गाडी पूर्ण दिवस अडकेल, तेवढा वेळ देता येत नाही, नंतर बघू. मग त्यानेही पुन्हा विचारलं नाही. त्याच्याकडे बाकी कामं काय कमी होती.

"आणि सुट्टीच्या दिवशी?" तिने विचारलं. "सुट्टीच्या दिवशी गाडी उभीच असते."

"सुट्टीच्या दिवशी मला कोणी विचारलंच नाही सिस्टर. माझं घर इथेच मागे आहे. विचारलं असतं तर आलो असतो."

तिने किटली उचलून बाजूला ठेवली, वर्तमानपत्र चुरगाळून फेकलं आणि खोक्यावर हात ठेवून उभी राहिली. ओरडावं असं तिला वाटलं, पण समोरच्या माणसावर ओरडून काय उपयोग, आणि नाही ओरडावं तर हा तरी साव कुठे होता. तिने एवढंच सांगितलं की त्या पंपामुळे टेकडीवरच्या एका म्हाताऱ्या माणसाचा पाय गेला, आणि येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन येईल. मेकॅनिकने पेला खाली ठेवला. या म्हणाला.

ती आली. तो शब्दाला जागून आधीच दार उघडून बसला होता. तिला त्याने बाकावर बसायला सांगितलं, पण ती उभी राहिली. तिला ती वस्तू बघायची होती. त्याने जाड रबरी हातमोजे चढवले, बॅटरीचा मुख्य जोड काढला आणि थांबला. आतला करंट शांत व्हायला वेळ द्यायचा, म्हणाला, नाहीतर माणूस शांत होतो. ती हसली नाही, तेव्हा तो पुढे काही विनोद करायला गेला नाही. मशीन लावून त्याने जुना गॅस ओढून घेतला, नारिंगी जाड वायरी सोडवल्या, नळ्यांखाली घमेलं लावून पाणी काढलं. मग अर्धा आत वाकून, कण्हत, एक एक बोल्ट ढिला करत त्याने जुना पंप बाहेर काढला.

"बघायचाय ना? हा घ्या."

मोठ्या कुकरएवढा असेल, पण भलताच जड. आतून तेल ओघळलं, काळं, त्यात चमकणारा धातूचा बारीक चुरा. आतल्या आत झिजून अडकला होता, मेकॅनिक म्हणाला. तिने तो धरून ठेवला. एखाद्या माणसाचा पाय जावा इतकं त्यात काहीच नव्हतं.

नवा पंप जागेवर बसला, नळ्यांना नव्या रबरी रिंगा लागल्या. नळ्यांतली हवा काढून घेणारी मोटर बराच वेळ घुमत राहिली. कुठे गळती नाही याची त्याने खात्री केली आणि मग नवा गॅस भरला. सगळं जोडून त्याने तिला आत बसवलं आणि बटण दाबायला सांगितलं. आधी गार वारा आला, मग कोमट, आणि मग खरीखुरी ऊब तिच्या बोटांवर आली. मेकॅनिक बाहेरून वाकून तिच्या तोंडाकडे बघत होता. काम चांगलं झालं होतं आणि कोणीतरी तसं म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा असावी. तिला ते कळत होतं. पण तिच्या डोक्यात एकच होतं, की दुपारसुद्धा झाली नव्हती.

ती घरी आली तेव्हा नवरा आणि नणंद खालच्या खोलीत बसले होते. नणंदेने खिडकीतून गाडी बघितली होती. सुट्टीच्या दिवशी गाडी बाहेर कशी, असं ती विचारणार होती, पण वहिनीचा चेहरा बघून थांबली.

"पंप आलाय हे तुला माहीत होतं?" नर्सने विचारलं.

नणंद खोटं बोलली नाही. एवढा एक गुण तिच्यात लहानपणापासून होता.

"होतं."

"मग?"

"थंडी संपतच आली होती वहिनी. मला वाटलं, एवढी निघून जाईल."

"गेली ना. त्यांचा पाय घेऊन गेली."

नवरा म्हणाला, अगं, तिने काय मुद्दाम केलं का.

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं," नर्स म्हणाली. "निदान त्या माणसाचा विचार तरी केला असता."

मग नणंद बोलू लागली. एक गाडी थांबली की त्या रस्त्यावरची सगळी घरं थांबतात. जादा गाडी मागून मागून तिचं तोंड दुखलं. वरचे विचारतात किती घरं झाली, कोणाचे हात गार होते ते विचारत नाहीत. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप उघडेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. नर्स ऐकत होती. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिचा संताप आणखी वाढत होता. खोटं असतं तर धरून आपटता तरी आलं असतं.

"आता मी काय करू, ते सांग," शेवटी नणंद म्हणाली.

"काही नको. शेवटचं घर तू फेरीतून काढलं होतंस. आता ते आपोआपच निघालं."

नणंद उठून वर गेली. त्या दिवसापासून ती खाली जेवायला आली नाही आणि नर्सनेही तिला हाक मारली नाही. नवरा ताट झाकून वर नेऊन द्यायचा.

काकांना हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हाही थंडी पुरती सरली नव्हती. टेकडीवरचं घर भाड्याचं होतं, जिन्याचं होतं. तिथे ते राहू शकत नव्हते. काकांच्या मुलीने आपल्याकडे यायला सांगितलं होतं. मुलगी चांगली होती, जावईही वाईट नव्हता, पण बायको गेल्यावर इतकी वर्षं काका हट्टाने एकटे राहिले होते आणि मुलीच्या घरी कधी रात्र काढली नव्हती. संस्थेच्या गाडीत पेशंट बसवायची परवानगी नसते. नर्सने विचारलं नाही. फेरीतली घरं संपवून तिने गाडी हॉस्पिटलच्या दाराशी लावली, काकांना पुढच्या सीटवर बसवलं, कुबड्या मागे ठेवल्या आणि पंप चालू केला.

गाडी लगेच उबली. काकांनी मफलर सोडला, दोन्ही तळवे हवेपुढे धरले. पंपाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना माहीत होतं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही, आणि सांगायचं धाडस तिला झालं नाही.

मुलीची गल्ली आली. ती फाटकाशी येऊन उभी होती. नर्सने वेग कमी केला.

"सिस्टर," काका समोर बघत म्हणाले, "जरा एक चक्कर मारता का?"

तिने गाडी थांबवली नाही. मुलीसमोरून ती तशीच पुढे गेली. मुलीने वर केलेला हात तसाच राहिला. पुढच्या कोपऱ्यावरून वळून, मागच्या रस्त्याने, पुन्हा त्याच गल्लीत. काकांनी मान हलवली. अजून. फोन वाजला, नणंद होती. तिच्यासमोरच्या पडद्यावर प्रत्येक गाडी दिसायची.

"गाडी एकाच गल्लीत फिरतेय," नणंद म्हणाली. "रस्ता चुकला का?"

"नाही."

"मग काय चाललंय?"

"काम."

नर्सचा राग जिथल्या तिथे होता. तो आवाज कानात पडल्याबरोबर तिने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"ठीक आहे," नणंद म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

काकांनी खिशातून कंगवा काढून केस विंचरले. शर्टाची वरची गुंडी लावली, कॉलर बोटांनी दाबून सरळ केली. रिकामी पँट सीटवर गोळा झाली होती, ती त्यांनी घडी घालून आत सारली, कापडाला हात लावायच्या त्यांच्या सवयीप्रमाणे, सुरकुती राहणार नाही अशी.

"आता थांबवा," ते म्हणाले.

नर्स उतरून पलीकडे गेली, पण त्यांनी तिचा हात धरला नाही. कुबड्या मागितल्या, दाराला रेटून स्वतः उठले आणि तोल सावरेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. मुलगी धावत आली होती.

"सिस्टरांना घर सापडेना," काका तिला म्हणाले.

"हो," नर्स म्हणाली. "नंबरच दिसला नाही."

मुलीने फाटकावरच्या मोठ्या आकड्यांकडे बघितलं आणि नर्सकडे बघितलं. मग ती मागे सरली आणि तिने फाटकाची दोन्ही दारं उघडून धरली.